मुलं, इंटरनेट आणि लैंगिक शोषण: संशोधनाचा नेमका उपयोग काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळांमध्ये पालकसभा घेते. सभेत 'काही प्रश्न?' असं विचारलं की सगळे खाली बघतात. प्रश्न येतात ते रात्री अकरानंतर, व्हॉट्सॲपवर, आणि बहुतेक वेळा 'ताई, माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारायचं होतं' अशा सुरुवातीने. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून हे पान. पालक, शिक्षक, समाजकार्याचे आणि कॉम्प्युटरचे विद्यार्थी अशा सगळ्यांचे प्रश्न यात आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. घरात आत्ता, या क्षणी काही घडत असेल तर वाचत बसू नका, थेट प्रश्न ९ वर जा.

१. विद्यापीठातले लोक पेपर लिहितात. त्याचा माझ्या मुलीच्या मोबाइलशी काय संबंध?

ती ज्या ॲपवर फोटो टाकते, तिथे अत्याचाराचे जुने फोटो पुन्हा फिरू नयेत म्हणून एक तपासणी पाठीमागे चालू असते. त्या तपासणीचं मूळ तंत्र अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधले प्राध्यापक हॅनी फरीद आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून २००९ मध्ये तयार केलं. ते कसं चालतं ते प्रश्न ३ मध्ये.

दुसरा उपयोग कोर्टात. १९९७ मध्ये आयर्लंडच्या युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कमध्ये 'कोपाइन' नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटरनेटवर सापडणाऱ्या फोटोंचा अभ्यास करून तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी गांभीर्याची दहा पायऱ्यांची मोजपट्टी बनवली. इंग्लंडमध्ये शिक्षा ठरवताना २००२ पासून तिचं पाच पायऱ्यांचं रूप वापरलं गेलं, २०१४ पासून तीनच वर्ग आहेत. मानसशास्त्राच्या विभागात आखलेली पट्टी न्यायाधीशाच्या टेबलावर पोचली ती अशी.

पण माझ्या मते सर्वात मोठा उपयोग तिसराच आहे आणि तो दिसत नाही. कोणाला घाबरायचं आणि मुलांना काय सांगायचं, याबद्दलच्या आपल्या समजुती संशोधनाने अनेकदा खोट्या पाडल्या आहेत. त्यासाठी प्रश्न ४.

२. तुम्ही 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द का टाळता? सगळे तोच वापरतात.

पोर्नोग्राफी म्हटलं की कुणीतरी राजीखुशीने कॅमेऱ्यासमोर आलं, असा अर्थ नकळत चिकटतो. लहान मुलाच्या बाबतीत तो फोटो म्हणजे गुन्ह्याची जागाच. या गुन्ह्यांबद्दल बोलताना कोणते शब्द वापरावेत हे सांगणाऱ्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय 'लक्झेंबर्ग मार्गदर्शक तत्त्वां'नी हा शब्द टाळायला सांगितलं, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात तेच म्हटलं. मी इथे सुटसुटीत म्हणून 'शोषण-साहित्य' म्हणते.

३. फोटो कुणीही न बघता कॉम्प्युटर तो कसा ओळखतो?

गणपतीच्या आरासीचा फोटो घ्या. तुम्ही तो घरच्या ग्रुपवर टाकलात. आत्याने त्याचा स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर ढकलला. तिथून कुणी थोडा उजळ करून स्टेटसला ठेवला. आपल्याला तिन्ही फोटो एकच वाटतात, पण कॉम्प्युटरसाठी त्या तीन वेगळ्या फाइली. फाइलचा साधा गणिती ठसा काढला तर एक ठिपका बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. शोषण-साहित्य पसरवणाऱ्यांना एवढी पळवाट पुरत होती.

फरीद यांच्या 'फोटोडीएनए'ने ठसा फाइलचा न घेता चित्राचा घेतला. फोटोतला रंग काढून टाकायचा, तो ठरावीक लहान मापात आणायचा, त्यावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत उजेड-अंधार कुठून कुठे सरकतो ते आकड्यांत लिहायचं. शेवटी १४४ आकड्यांची एक ओळ हाती येते. स्क्रीनशॉट काढा, उजळ करा, ही ओळ फारशी हलत नाही. अमेरिकेच्या 'एनसीएमईसी' या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्रासारख्या संस्थांकडे माहीत असलेल्या शोषण-साहित्याच्या ठशांची यादी असते. नवीन फोटोची ओळ त्या यादीतल्या एखाद्या ओळीच्या पुरेशी जवळ आली की इशारा मिळतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ठशावरून मूळ फोटोचा काहीच अंदाज येत नाही असं पूर्वी सांगितलं जाई. २०२१ मध्ये एमआयटीतल्या एका संशोधकाने अंधूक आकृती परत काढता येते हे दाखवून दिलं, त्यामुळे या याद्याही जपूनच ठेवाव्या लागतात. आणि हे तंत्र फक्त आधी सापडलेले फोटो ओळखतं. काल काढलेला फोटो त्याला परका.

४. 'अनोळखी माणसांशी बोलू नको' एवढं बजावलं की पुरे ना?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या डोक्यातलं चित्र असं असतं: चाळिशीतला माणूस चौदा वर्षांचा मुलगा असल्याचं भासवतो, भोळ्या मुलीला फसवून भेटायला बोलावतो आणि पळवून नेतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या जॅनिस वोलाक, डेव्हिड फिंकेलहोर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून सुरू झालेल्या, अटकेपर्यंत गेलेल्या प्रकरणांची माहिती पोलिसांकडून गोळा केली. २००८ मध्ये त्यांनी त्यावर जो लेख लिहिला, त्यातलं चित्र वेगळंच होतं. किशोरवयीन असल्याचं सोंग घेणारे गुन्हेगार शेकडा पाचच होते. बहुतेकांनी आपण मोठे आहोत हे लपवलं नव्हतं, लैंगिक हेतूही फारसा लपवला नव्हता. मुली त्यांना भेटायला जाणूनबुजून गेल्या होत्या, अनेक जणी एकापेक्षा जास्त वेळा. त्यांच्या लेखी ते प्रेम होतं. पळवून नेण्याचे प्रकार अगदी विरळा.

आता त्या मुलीच्या जागी बसून आपलं व्याख्यान ऐका. 'समोरचा खोटं वय सांगत असेल' असं आपण म्हणतो आणि ती मनात म्हणते, 'माझा तर सव्वीस वर्षांचा आहे, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं.' म्हणजे हे व्याख्यान आपल्यासाठी नाहीच, असं ती धरून चालते. तिला ऐकायला हवं ते असं की सव्वीस वर्षांच्या माणसाने तेरा वर्षांच्या मुलीशी असं वागणं हा गुन्हा आहे, तिला तो कितीही आवडत असला तरी, आणि त्यात दोष तिचा नाही.

भारताची गोष्ट. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, महाराष्ट्र आणि गोवा त्यात होते. १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि करणारे बरेचसे ओळखीतले, विश्वासातले होते. तो काळ स्मार्टफोनच्या आधीचा. पण पुढे युनिसेफ, मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध काम करणारी एकपॅट ही संस्था आणि इंटरपोल यांनी आफ्रिका व आग्नेय आशियातल्या १३ देशांत खास इंटरनेटवरच्या शोषणाचा अभ्यास केला, त्यातही मुलांच्या आधीपासून ओळखीची माणसं वारंवार समोर आली. क्लासचा दादा, लांबचा काका, शेजारचा कॉलेजकुमार. त्यांच्या हातात आता फोन आहे, एवढाच बदल.

याला एक ठळक अपवाद आहे. पैशासाठी मुलग्यांना धमकावणारे खरोखरच अनोळखी असतात आणि खरोखरच सोंग घेतात. तो प्रकार प्रश्न ९ मध्ये.

५. शोषण-साहित्यात भारत जगात पहिला, असं वाचलं. खरं आहे का?

बातमी बहुधा एनसीएमईसीच्या आकड्यांवर बेतलेली असते. इंटरनेट कंपन्या त्यांना तक्रारी पाठवतात. २०२३ मध्ये जगभरातून ३ कोटी ६२ लाख तक्रारी आल्या, त्यांतल्या सुमारे ८९ लाख भारताशी जोडलेल्या होत्या. पहिला क्रमांक खराच.

पण ही मोजणी तक्रारींची आहे, मुलांची नाही, गुन्हेगारांचीही नाही. आपल्याकडे लोक जास्त, फोन जास्त, फॉरवर्ड करण्याची खोड त्याहून जास्त. फेसबुकने २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या आपल्या जगभरातल्या तक्रारी तपासल्या, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक साहित्य आधीच सापडलेलं किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं निघालं, आणि निम्म्याहून जास्त म्हणजे फक्त सहा व्हिडिओंच्या प्रती होत्या. सहा! पाठवणाऱ्यांत 'बघा काय भयंकर आहे, याला पकडा' म्हणून पाठवणारेही होते. तुम्ही त्यांच्यातले असाल तर प्रश्न १६ जरूर वाचा.

२०२४ मध्ये हाच जागतिक आकडा २ कोटी ५ लाखांवर आला. त्याचा अर्थ गुन्हे घटले असा लावू नका. एकाच व्हायरल प्रसंगाच्या तक्रारी एकत्र मोजण्याची सोय झाली होती, आणि काही ठिकाणी एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत अशा कुलूपबंद व्यवस्थेमुळे, दिसणंच कमी झालं.

६. मग खरा आकडा कोणता? प्रत्येक जण वेगळाच सांगतो.

एकच आकडा नाही. एडिनबरा विद्यापीठातल्या 'चाइल्डलाइट' या बालशोषणावर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये अंदाज मांडला की वर्षभरात जगातल्या ३० कोटींहून अधिक मुलांचे लैंगिक फोटो वा व्हिडिओ त्यांच्या संमतीशिवाय काढले किंवा पसरवले गेले, नाहीतर तसलं काही त्यांना नको असताना दाखवलं गेलं. शेरी मॅडिगन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक सर्वेक्षणं एकत्र करून पाहिली, तर साधारण नऊपैकी एका मुलाला इंटरनेटवर नकोशी लैंगिक विचारणा झालेली होती. न्यू हॅम्पशायरच्या सर्वेक्षणात १० ते १७ वयोगटातलं हेच प्रमाण २००० च्या सुमारास १९ टक्के होतं, २००५ मध्ये १३ आणि २०१० मध्ये ९. वर्तमानपत्रांत बोंबाबोंब वाढत असताना ते उतरत होतं! विचारणा करणाऱ्यांत वर्गातली पोरंही मोजलेली होती, हे कुणी सांगत नाही.

कुठलाही आकडा आला की मी आधी प्रश्नाचे नेमके शब्द बघते: मुलांना काय विचारलं, गेल्या वर्षाबद्दल की जन्मापासून, आणि उत्तर मुलांनी दिलं की पालकांनी. शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व पुढच्या उत्तरात कळेल.

७. मुलांना असले प्रश्न विचारतात तरी कसे? त्याने त्यांना त्रास नाही होत?

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सोनिया लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखाली २०१० मध्ये युरोपातल्या २५ देशांत ९ ते १६ वर्षांच्या २५,१४२ मुलांच्या घरी जाऊन मुलाखती झाल्या. नाजूक प्रश्नांची उत्तरं मूल स्वतः भरे, ती आईवडिलांना दिसत नसत आणि मुलाखत घेणाऱ्यालाही. इंटरनेटवर लैंगिक चित्रं पाहिली असं सांगणाऱ्या मुलांच्या पालकांना वेगळं विचारलं, तर त्यांतले ४० टक्के म्हणाले, 'छे, आमच्याने नाही पाहिलं.' मी सभेत हा आकडा सांगते तेव्हा हसू येतं सगळ्यांना, मग एकदम शांतता.

त्याच अभ्यासाने धोका आणि इजा यांत फरक केला. नकोसं काही दिसणं वेगळं, त्याने मूल हादरणं वेगळं. इंटरनेटवरच्या कशाने तरी अस्वस्थ झालो असं १२ टक्के मुलांनी सांगितलं. रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक मुलाला अपघात होत नाही, तसंच.

आपल्याकडे एक जादा अडचण आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची असते, संशोधकानेही. त्यामुळे 'तू सांगशील ते माझ्याजवळच राहील' असं वचन मुलाला देताच येत नाही. सुरुवातीलाच तसं स्पष्ट सांगावं लागतं आणि ते ऐकून काही मुलं गप्प बसतात. नाव न विचारता घेतलेल्या सर्वेक्षणाने थोडं साधतं, पण मग मदत नेमकी कुणाला द्यायची तेही कळत नाही. या पेचातून अजून कुणी नीट सुटलेलं मी पाहिलेलं नाही.

८. आमच्या शाळेत एक तासाचं व्याख्यान झालं. त्याने फरक पडतो?

फारसा नाही, आणि हे मी स्वतः व्याख्यानं देऊन लिहितेय. न्यू हॅम्पशायरच्या लिसा जोन्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या गाजलेल्या इंटरनेट-सुरक्षा कार्यक्रमांचा मजकूर तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. भीती घालणं भरपूर, संशोधनाचा आधार तोकडा, आणि मुलांना प्रत्यक्ष सराव जवळजवळ नाही. माझ्या स्लाइडवरही तोवर टोपडं घातलेला, तोंड न दिसणारा एक हॅकर होता. काढून टाकला.

आता मी मुलांच्या हातात कागद देते. 'तुझ्या मैत्रिणीने रात्री मेसेज केला, मी त्याला फोटो पाठवलाय, आता तो आणखी मागतोय. तू पुढची ओळ काय लिहिशील?' पहिल्या फेरीत बहुतेक जण लिहितात, 'वेडी आहेस का?' दुसऱ्या फेरीत आम्ही ते वाचतो आणि विचारतो, हे वाचून ती पुढचं कुणाला सांगेल का? तिसऱ्या फेरीत उत्तरं बदललेली असतात. सातवीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, 'थांब, मी आईला उठवतो, माझी आई ओरडत नाही.' यापेक्षा चांगलं वाक्य मला अजून सुचलेलं नाही.

९. मुलाचा फोटो कुणाकडे गेलाय आणि तो पैसे मागतोय. काय करू?

पहिलं वाक्य मुलाशी: 'तू सांगितलंस ते बरं केलंस, आता आपण दोघं मिळून बघू.' बाकी सगळं नंतर.

पैसे देऊ नका. दिले की मागणी थांबत नाही, वाढते. समोरच्याला उत्तर देणं बंद करा, पण चॅट पुसू नका. त्याचं प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी, धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट ठेवा. मुलाच्या उघड्या अंगाच्या फोटोचा स्क्रीनशॉट काढू नका, तो कुणाला पाठवूही नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लहान मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते, पण मागोवा हवा असेल तर नाव देऊनच करा. मूल खचलं असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. त्याला रात्री एकटं झोपवू नका.

या प्रकारात सापडणारी मुलं बहुतेक १४ ते १७ वर्षांचे मुलगे असतात, समोर 'मुलगी' असते, आणि ओळख ते धमकी हा प्रवास काही तासांत संपतो. टोळ्यांचा हा धंदा आहे आणि ते एकच साचा शेकडो मुलांवर वापरतात. मुलाला हे सांगितलं की त्याचा चेहरा जरा सैल होतो, कारण तोवर त्याला वाटत असतं की जगात एवढा मूर्ख आपणच.

फोन हिसकावून घेऊ नका. 'सांगितलं तर फोन जाईल' म्हणूनच गप्प राहिलो, असं मुलं मला सांगतात.

१०. एकदा पसरलेला फोटो परत घेता येतो?

पूर्ण नाही, पण बराच अडवता येतो. एनसीएमईसीची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा भारतातूनही वापरता येते, फोटोच्या वेळी वय १८ च्या आत असलं की झालं. प्रश्न ३ मधल्यासारखा ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो, फोटो फोनमधून बाहेर जात नाही, जातो फक्त ठसा. सामील झालेल्या कंपन्या आपापल्या जागी तो शोधून काढून टाकतात. व्हॉट्सॲपच्या खाजगी गप्पांपर्यंत ही सेवा पोचत नाही.

हे का महत्त्वाचं, ते कॅनडाच्या बालसंरक्षण केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणातून कळतं. ज्यांचे अत्याचार लहानपणी चित्रित झाले, अशा १५० जणांनी त्यात उत्तरं दिली. सुमारे ७० टक्के जणांना रस्त्यात आपल्याला कुणी ओळखेल ही धास्ती कायम होती. अत्याचार थांबून वर्षं लोटलेली, फोटो चालूच.

११. नुसत्या हातावरून गुन्हेगार ओळखतात म्हणे?

हो. व्हिडिओ काढणारा चेहरा लपवतो, पण चौकटीत त्याचा हात येतो. शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक स्यू ब्लॅक यांनी शिरांची नक्षी, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या, व्रण, नखं यांचा मेळ घालून संशयिताशी तुलना करण्याची पद्धत विकसित केली. आपला हात उघडून बघा. दोन हातांच्या शिरासुद्धा एकसारख्या नसतात. अडचण ही की 'हे वेगळेपण किती दुर्मीळ?' असं कोर्टाने विचारलं तर आकडा हवा. त्यासाठी लँकेस्टर विद्यापीठाने सामान्य लोकांकडूनच फोनवर काढलेले हातांचे फोटो मागवले. घरबसल्या तळहात पालथा करून फोटो पाठवणारी माणसं अशी या कामात आली.

१२. पोलीस मुलगी असल्याचं भासवून चॅट करतात, त्यात प्राध्यापक काय करणार?

कधीकधी मूल घरी सांगतं आणि पोलीस त्याच्याच खात्यावरून पुढच्या गप्पा चालू ठेवतात. समोरच्याला एका शब्दावरून संशय येऊ शकतो. एखादी मुलगी 'हो' लिहिते, दुसरी 'हू', तिसरी नुसता अंगठा. कुणी एकच लांब मेसेज पाठवतं, कुणी चार तुकडे. विषय बदलायची प्रत्येकाची रीतही वेगळी. इंग्लंडमधल्या ॲस्टन विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ टिम ग्रँट आणि निकी मॅक्लाउड यांनी हे बारकावे टिपून अधिकाऱ्यांना शिकवण्याची पद्धत बसवली.

मराठीचा विचार केला तर हा खजिनाच आहे. रोमन लिपीत मराठी टाइप करणाऱ्या पोरांचं स्पेलिंग प्रत्येकाचं स्वतःचं.

१३. गुन्हेगारांच्या उपचारावर संशोधनाचा पैसा का घालवायचा?

हा प्रश्न रागाने येतो आणि राग समजतो. पण ज्याने अजून काही केलेलं नाही त्याला थांबवलं तर एक मूल वाचतं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात २००५ पासून 'डंकेलफेल्ड' प्रकल्प चालतो. मुलांकडे आकर्षण वाटणाऱ्यांनी स्वतःहून यावं, गुप्तता पाळून उपचार मिळतील, अशी ती सोय. त्याचा परिणाम किती, यावर अभ्यासकांतच वाद आहे आणि टीकाकारांच्या मते पुरावा भक्कम नाही. टास्मानिया विद्यापीठाच्या जेरेमी प्रिचर्ड यांचा प्रयोग मला जास्त पटतो. त्यांनी खोटी वेबसाइट उभी केली, आत काहीच नव्हतं. वाटेत 'हे बेकायदा ठरू शकतं' असा इशारा दाखवला की आत शिरू पाहणारे लक्षणीय घटले. खर्च एका खिडकीचा.

डंकेलफेल्डसारखी गोष्ट भारतात जशीच्या तशी चालणार नाही. कारण प्रश्न ७ मध्ये: आपल्याकडे कळलेला गुन्हा कळवावाच लागतो.

१४. एआयने बनवलेला फोटो असेल, खरं मूल नसेल, तर गुन्हा कसला?

गुन्हाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पॉक्सोच्या व्याख्येत खऱ्या मुलापासून वेगळी ओळखता न येणारी, कॉम्प्युटरने बनवलेली प्रतिमाही येते, आणि फेरफार करून मुलाची भासवलेलीही. वर्गातल्या मुलीचा चेहरा दुसऱ्या शरीरावर चिकटवणारं 'मस्करी'चं ॲपही त्यात आलं.

शिवाय 'खरं मूल नाही' हे दरवेळी खरंही नसतं. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीच्या डेव्हिड थील यांनी, चित्रं बनवणाऱ्या एआयला शिकवण्यासाठी वापरला जाणारा 'लायन ५बी' हा संच तपासला. त्यात पाच अब्जांहून अधिक चित्रांचे दुवे होते. त्यांनी ती चित्रं पाहिली नाहीत, ठसे जुळवले, आणि खातरजमा कायद्याने तशी मुभा असलेल्या कॅनडातल्या केंद्राकडून करून घेतली. हजाराहून अधिक शोषण-चित्रं पक्की ठरली. संच मागे घ्यावा लागला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये साफ करून पुन्हा आला. कंपन्यांनी हे आधी का पाहिलं नाही, हे विचारायला हरकत नाही.

१५. सगळ्यांचे मेसेज तपासले तर प्रश्नच मिटेल. संशोधक विरोध का करतात?

काही करतात, काही करत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये ॲपलने जाहीर केलं की आयफोनवरचेच फोटो क्लाउडवर जाण्यापूर्वी ठसे जुळवून तपासले जातील. काही आठवड्यांतच संशोधकांनी दोन अगदी वेगळ्या चित्रांचा एकच ठसा येतो हे दाखवलं. प्रिन्स्टनच्या दोघा अभ्यासकांनी तशीच यंत्रणा स्वतः बांधून पाहिली होती. त्यांनीच इशारा दिला की यादीत उद्या सरकारला न आवडणारे फोटो घातले तर यंत्रणेला फरक कळणार नाही. दुसरीकडे फरीद यांच्यासारखे लोक म्हणतात की कंपन्या हात झटकतायत. डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलने योजना सोडून दिली.

माझं मत विचाराल तर मी कुंपणावर आहे. ज्या मुलीचा फोटो फिरतोय तिच्या आईशी बोलले की एका बाजूला उतरते, आणि पत्रकार मैत्रिणीशी बोलले की दुसऱ्या.

१६. ग्रुपवर असा व्हिडिओ आला. पुरावा म्हणून ठेवू की पोलिसांना पाठवू?

ठेवू नका, कुणालाच फॉरवर्ड करू नका, सावध करायलाही नाही. पॉक्सोच्या कलम १५ प्रमाणे असं साहित्य पुढे पाठवण्याच्या इराद्याने, न पुसता आणि न कळवता जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, आणि २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ ठामपणे मांडला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब वेगळंच. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्या, पोर्टलवर किंवा ठाण्यात तक्रार नोंदवा, आणि व्हिडिओचं काय करायचं ते त्यांनाच विचारा. मुलाचं नाव, शाळा, गाव तक्रारीबाहेर कुठेही लिहू नका; ओळख उघड करणं हाही गुन्हा.

१७. मी एमएस्सी कॉम्प्युटरला आहे. हे ओळखणारं मॉडेल बनवायचंय, नमुने कुठे मिळतील?

मिळणार नाहीत आणि शोधूही नका. 'संशोधनासाठी ठेवले होते' ही ढाल पॉक्सोत नाही. सूट आहे ती तक्रार नोंदवण्यापुरती आणि कोर्टात पुरावा म्हणून. जगभर हे काम अधिकृत केंद्रांच्या आवारात किंवा पोलिसांसोबत होतं, आणि तिथेही चित्रं पाहणाऱ्यांच्या मनावर होणारा आघात हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

चित्राला हात न लावता करण्यासारखं बरंच आहे. मॅसेच्युसेट्स विद्यापीठाचे ब्रायन लेव्हाइन यांनी ॲपच्या दुकानातले लोकांचे अभिप्रायच तपासले. 'इथे म्हातारे लोक मुलींना फोटो मागतात' असं वापरणारे तिथे उघड लिहून ठेवतात, कुणी वाचत नाही एवढंच. त्यांनी कॉम्प्युटरला वाचायला लावलं आणि धोकादायक ॲपची यादी लोकांसमोर ठेवली. मराठी अभिप्रायांवर, मराठीतल्या धमकीच्या भाषेवर असं काम करायचं असेल तर आधी कॉलेजच्या नैतिकता समितीकडे जा. समितीच नसेल तर मार्गदर्शकांना ती नेमायला लावा, आणि तोवर प्रश्नावलीचा कच्चा मसुदा मला पाठवा, रात्री अकरानंतर चालेल.